खोकल्याची अंत्ययात्रा

"माणूस जाहिरात वाचत नाही, शरूताई. माणूस थांबतो. तो थांबला की निम्मा माल विकला गेला. उरलेला निम्मा दुकानदाराने विकावा, तेवढं तरी त्याने करावं."

हे विनूभाऊ दाणींचं तत्त्वज्ञान. आमच्या छापखान्याच्या बाकड्यावर बसून, बशीतला चहा फुंकत, त्यांनी ते मला इतक्यांदा ऐकवलं की पुढेपुढे मी त्यांच्या आधीच म्हणायला लागले. त्यांना राग यायचा नाही. उलट खूश व्हायचे. म्हणायचे, "बघा, पाठ झालं ना? ह्यालाच जाहिरात म्हणतात."

त्यांची 'नवलाई पब्लिसिटी' म्हणजे भद्रकालीतली एक खोली, कर्णा लावलेली एक रिक्षा आणि किसन साळवे नावाचा पेंटर. बाकी सगळं विनूभाऊंच्या डोक्यात. उंच, काटकुळा माणूस, सदैव कुणीतरी ढकलल्यासारखा पुढे वाकून चालणारा. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, खडू असायचा. रस्त्यात लोक आपोआप कुठे थांबतात ते बघत हिंडायचं आणि तिथे जमिनीवर खडूने फुली मारायची, हा त्यांचा उद्योग. मेनरोडला, रविवार कारंजावर, एसटी स्टँडच्या दारात, कुठेही. पोरं त्या फुल्यांवर लंगडी खेळायची. मी एकदा विचारलं की अहो, ह्याचा उपयोग काय. तर म्हणाले, "गाव कुठे थांबतं हे ज्याला कळलं, त्याला गावाचं मन कळलं." मला विचाराल तर त्यांना गावाचं मन कळलंच होतं. घरातल्या मनाचं मात्र चुकलं, आणि ते फार महाग पडलं.

आता आमच्या छापखान्याची जागा सांगायला हवी, कारण सगळं तिथेच घडलं. जुन्या नाशकात, अमरधामकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा छापखाना होता आणि समोर पिंपळाचा पार. स्मशानाकडे निघालेली तिरडी त्या पाराशी विसाव्याला टेकवायची, ही आमच्या भागाची रीत. खांदेकरी जागा बदलतात, थोडा वेळ सगळे गप्प उभे राहतात, मग कुणीतरी वडीलधारा 'उचला' म्हणतो. दादा, म्हणजे माझे वडील, सांगायचे की विसावा खांदेकऱ्यांसाठी नसतोच, तो जाणाऱ्यासाठी असतो. कुडीत चुकून प्राण राहिला असेल तर उठून बसायला ही शेवटची संधी. मी त्या पारासमोरच वाढले, त्यामुळे मला त्याचं काही वाटायचं नाही. तिरडी टेकली की छपाईचं ट्रेडल मशीन थांबवायचं, उचलली की सुरू करायचं, इतकंच.

विनूभाऊंच्या करामती सांगायच्या तर लासलगावची आधी सांगितली पाहिजे. 'बगळा छाप' नावाचा कपड्यांचा साबण होता. विनूभाऊंनी किसनला धोतर, सदरा, टोपी असा वेष दिला आणि तो टोपीपासून पायापर्यंत बरोब्बर उभा निम्मा मळवला. डावीकडे बगळ्यासारखा पांढरा, उजवीकडे चिखलातून काढल्यासारखा. आणि सोडला त्याला लासलगावच्या कांद्याच्या बाजारात, लिलाव ऐन रंगात असताना. अट एकच, बोलायचं नाही. कुणी विचारलं तर डाव्या खांद्यावरून हात फिरवायचा आणि पुढे चालायचं. ट्रॅक्टरवरचे शेतकरी खाली उतरले. कुणी म्हणालं, "काय पाव्हणं, अर्धंच धुतलं? बायको रुसली का काय?" दुसरा म्हणाला, "येडं हे ते, जाऊ द्या." तिसरा म्हणाला, "येडं नाय, नवस हे कायतरी." बोली लावणारा व्यापारी भाव विसरला. संध्याकाळी कर्णा लावून रिक्षा आली आणि तिने फक्त एवढंच सांगितलं की उजवी बाजू उद्या धुऊ, बगळा छापने. दुसऱ्या दिवशी ती धुतलेली बाजू बघायला आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं आली. किसन मला सांगायचा, "ताई, लय लाज वाटली ओ. पण मजा पन लय आली."

हे सगळं सुचायचं विनूभाऊंना, पण पास करायच्या कुसुमवहिनी. त्यांच्या बायको. बुटक्या, अबोल, हातात कायम काहीतरी काम. विनूभाऊ नवी कल्पना घेऊन घरी जायचे आणि वहिनी भाजी चिरत, नाहीतर तांदूळ निवडत असताना ती त्यांना सांगायचे. वहिनी मान वर करायच्या नाहीत. पण त्यांचा हात थांबला, तर कल्पना चालली. हात चालूच राहिला, तर कल्पना मोडीत. माझ्यासमोर एकदा त्यांनी चहाच्या पुडीची भलीमोठी योजना सांगितली, हत्तीबित्ती आणायचा होता. वहिनी गवार मोडत होत्या. शेवटपर्यंत मोडत राहिल्या. विनूभाऊ उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चला ताई, हत्ती मेला."

त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर किसनने ठळक अक्षरांत एक ओळ रंगवलेली होती: 'देवाच्या आणि मरणाच्या दारात दुकान नाही.' ती ओळ वहिनींचीच. झालं होतं असं, की एका चप्पलवाल्याला चैत्रात वणीला जाणाऱ्या लोकांच्या वाटेवर पाट्या लावायच्या होत्या. 'अनवाणी कशाला?' असं काहीतरी. विनूभाऊंच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, कारण तिथे झाडाझाडाखाली माणसं थांबतात. वहिनींचा हात थांबला नाही, पण त्या बोलल्या. "देवीसाठी म्हणून पाय भाजून घेतात माणसं. त्यांना चपला विकायला निघालात?" विनूभाऊ ओशाळले आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ भिंतीवर चढली. येईल त्याला ते ती अभिमानाने दाखवायचे.

मग पंचवटीतले एक वैद्य आले. त्यांची 'स्वरराज' नावाची खोकल्याची गोळी होती, काळी, वाटाण्याएवढी, गुळचट. थंडीचे दिवस. नाशकात थंडी म्हणजे थंडीच असते, घरोघरी खोकला. पण गोळी काही खपेना. विनूभाऊ आमच्याकडे हँडबिलाचा मजकूर घेऊन आले होते, तेवढ्यात समोर एक तिरडी टेकली. मी मशीन थांबवलं. रस्ता थांबला. सायकलवाले उतरले, भाजीवाली उभी राहिली, वरच्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या. कुणी हलेना. मी विनूभाऊंकडे बघितलं तर त्यांचा हात खिशातल्या खडूवर.

"विनूभाऊ," मी म्हटलं, "नाही हं."

"मी कुठे काय म्हणालो?" असं म्हणून हँडबिल तिथेच टाकून ते गेले.

घरी काय झालं ते त्यांनीच मला पुढे अनेकदा सांगितलं. वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. ते म्हणाले, "खोकल्याची अंत्ययात्रा काढायची. तिरडीवर मी स्वतः. विसाव्याला टेकवली की उठून बसायचं." आणि वहिनींचा हात थांबला. नुसता थांबला नाही, जुडी हातातून खाली पडली. असं आजवर कधीच झालं नव्हतं. विनूभाऊ आनंदाने उठले. वहिनी मागून म्हणाल्या, "हे नको." विनूभाऊ दारातून म्हणाले, "अगं, हात थांबला ना तुझा?" आणि गेले. एवढ्या वर्षांच्या संसारात तो हात भीतीनेसुद्धा थांबू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

यात्रा निघाली. खोटं कशाला बोलू, मी हसले. गाव हसलं. पुढे बँडवाले रडका सूर वाजवताहेत, तिरडीवर विनूभाऊ गळ्याला मफलर गुंडाळून डोळे मिटून पडलेत, खांदा द्यायला किसन आणि त्याचे मित्र, आणि मागे पोरांची झुंड 'खोकला गेला हो, खोकला गेला' म्हणून गळे काढतेय. पाराशी तिरडी टेकवली. बँड बंद. सगळे चिडीचूप. आणि त्या शांततेत किसन मोठ्याने खोकला. तीच खूण ठरलेली होती. खोकला ऐकताच विनूभाऊ ताडकन उठून बसले, तोंडात गोळी टाकली आणि म्हणाले, "खोकला गेला, माणूस राहिला." काय तो कल्लोळ. एक म्हातारी चक्कर येऊन पडली, तिलाही गोळी दिली. संध्याकाळपर्यंत दुकानात गोळी औषधालासुद्धा उरली नाही. पिंपळगाव बसवंतहून, मालेगावहून बोलावणी आली. जो तो म्हणायचा, "विनूभाऊ, जिवंतपणी तिरडीवर चढलात, आता आयुष्य वाढलं तुमचं. शंभरी गाठणार." तशी आपल्याकडे समजूतच आहे. विनूभाऊ छाती काढून ते ऐकून घ्यायचे.

दादा मात्र हसले नव्हते. आत छपाईचे खिळे जुळवत राहिले. मला म्हणाले, "विसाव्याची चेष्टा केली त्याने. आता हा रस्ता कुणाचं मरण खरं मानायचा नाही."

आणि वहिनी. त्या दिवशी विनूभाऊ घरी गेले तर दारातच गरम पाण्याची बादली आणि कडुलिंबाचा टाळा. स्मशानातून आलेल्यांसाठी ठेवतात तसा. वहिनी म्हणाल्या, "बाहेरच अंघोळ करा. आणि पाला चावा." विनूभाऊंनी अंघोळ केली, पाला चावला नाही. "तोंडात गोळी होती ना, ताई," ते मला सांगायचे. "गोड गोळी. तिच्यावर कडुलिंब कोण चावतो?" हे वाक्य त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. दर वेळी माझ्याकडून उत्तर मिळेल अशा आशेने सांगायचे.

पुढच्या थंडीत वहिनींना खोकला लागला. साधाच वाटला. मग हटेना. गोळी दिली, काढे दिले, डॉक्टर झाले, छातीचा फोटो काढला. फुप्फुसातच दुखणं होतं, जुनं, आतल्या आत वाढलेलं. होळीच्या आधी गेल्या.

त्या दिवशी मला आधी हसणं ऐकू आलं. मी मशीनवर होते. रस्त्याच्या वरच्या अंगाने हसण्याचा आवाज येतोय म्हणून दारात आले. तिरडी येत होती. पुढे विनूभाऊ, हातात विस्तवाचं मडकं. मूलबाळ नव्हतं, तेव्हा तेच पुढे. मागे किसन आणि तेच मित्र, खांदा देऊन. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, हसत. त्यांचा तरी काय दोष? तोच माणूस, तोच रस्ता, तेच खांदेकरी. केळीवाला ओरडून म्हणाला, "काय विनूभाऊ, आज काय नवीन काढलं?" वरून एक बाई आत हाक मारत होती, लवकर या गं, दाणी आलेत. पोरं तिरडीच्या बाजूने पळत होती. किसन रडत रडत ओरडत होता, "अरे खरं हे. खरं हे रे बाबांनो. बाजूला व्हा." तो जितका ओरडे, तितके लोक हसत. त्यांना वाटलं, काय सोंग वठवलंय.

पाराशी टेकवली. रस्ता शांत झाला. पण ती शांतता दुःखाची नव्हती, हे मला दारातून कळत होतं. लोक वाट बघत होते. तिरडीवरची कधी उठते, तोंडात काय टाकते, काय म्हणते. आणि मग विनूभाऊंनी मागे वळून बघितलं. त्यांचा चेहरा मी बघितला. देवाशपथ सांगते, तेसुद्धा वाट बघत होते. मडक्याचा धूर त्यांच्या डोळ्यांत जात होता आणि ते पापणी लववत नव्हते. केळीवाल्याचं हसू हळूहळू मावळलं. मग एकेकाचं मावळत गेलं. कुणीच 'उचला' म्हणेना. शेवटी दादा शाईचे हात तसेच घेऊन रस्त्यावर आले, वहिनींच्या डोक्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "उचला."

त्यानंतर विनूभाऊंनी काही काढलं नाही. भिंतीवरची ओळ तशीच राहिली, पण ती कुणाला दाखवणं बंद झालं. रिक्षा किसनला देऊन टाकली. सकाळी यायचे आणि आमच्या बाकड्यावर बसायचे. बोलता बोलता मध्येच मान तिरकी करून थांबायचे. "ऐकलंत?"

"काय?"

"खोकली ती."

मी म्हणायचे, "मशीनचा आवाज आहे, विनूभाऊ." एकदा मशीन बंद असतानाही ते तसेच थांबले, आणि तेव्हा मलाही ऐकू आलं. बारीक, दाबून धरलेला खोकला, बाईमाणसाचा. रस्त्यावर कुणी खोकलं असेल. रस्त्यावर माणसं खोकतात. मी उठून मशीन सुरू केलं.

त्यांचा एकच प्रश्न होता. डॉक्टरला विचारला, रामकुंडावरच्या गुरुजींना विचारला, मला तर रोज. "माझं आयुष्य वाढलं म्हणतात. ते आलं कुठून? तिचं मला लागलं का, ताई?"

मला संताप यायचा. "फुप्फुसाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय. आधीपासूनचं होतं. जाहिरातीने कधी माणूस मरतो का?"

"जाहिरातीने खोकला बरा होतो, हे तर तुम्हीच छापलंत."

"ते छापायचं असतं."

"तेच म्हणतो मी," ते म्हणायचे. ह्या माणसाला एकदा कुणीतरी खात्रीने 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हणत होते, पण माझं 'नाही' त्यांना छापील वाटायचं.

मग एक नवीनच सुरू झालं. समोर तिरडी टेकली की विनूभाऊ बाकड्यावरून उठायचे. रस्ता ओलांडून जायचे. मयत कुणाचं, कुठल्या जातीचं, ओळखीचं की अनोळखी, काही बघायचे नाहीत. डोक्याशी उभं राहून रस्त्यावर नजर फिरवायची. कुणी बोलत असला तर गप्प व्हायचा. मग खाली वाकून चेहऱ्याकडे बघायचं, चांगला वेळ. आणि मग 'उचला'. सुरुवातीला लोकांनी हटकलं, एकदा कुणी धक्काबुक्कीही केली. पण आमचं गाव असं आहे की एखादी गोष्ट रोज घडली की तिची रीत होते. काही वर्षांत विनूभाऊ 'उचला' म्हणेपर्यंत तिरडी हलेनाशी झाली. नव्या पोरांना वाटायचं, हे अमरधामचेच कुणीतरी असतील.

दिवस बदलले. घरोघर टीव्ही आला. मी त्यांना म्हटलं, "विनूभाऊ, आता बघा, लोक घरी बसून जाहिराती बघतात." ते म्हणाले, "बघतात. थांबतात कुठे?" 'स्वरराज' बंद पडली, वैद्यांच्या मुलांनी दुसरा धंदा काढला. विनूभाऊ मात्र होते. खोकला नाही, ताप नाही, दात शाबूत. लोक कौतुकाने म्हणायचे, "तब्येत बाकी ठणठणीत." तेवढं ऐकलं की ते उठून जायचे.

दादा गेले तेव्हा त्यांची तिरडी आमच्याच दारातून निघून आमच्याच समोर टेकली. बायकांनी दारापर्यंतच यायचं, म्हणून मी दारात. विनूभाऊ वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले. मला वाटलं, आता पडतात की काय. मग म्हणाले, "उचला." सगळे पुढे गेल्यावर माझ्याकडे आले.

"नाही उठले," ते म्हणाले.

"मला माहीत होतं," मी रागाने म्हटलं.

"मलाही माहीत असतं. पण विचारायला तर हवं ना, ताई. एकदा मी तिचं 'नको' ऐकलं नाही."

तो राग त्या क्षणी माझ्यातून गेला. मी त्यांना आत बोलावून चहा दिला.

शंभरी काही त्यांनी गाठली नाही. जवळपाससुद्धा नाही. सत्तरीच्या आत, दुपारी झोपेत गेले. मी ऐकलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे की बरं झालं, हिशेब चुकला लोकांचा. आता तरी विनूभाऊंना कळेल की कुणाचं आयुष्य कुणाला लागत नाही.

तिरडी आली. पुढे त्यांचा पुतण्या, खांद्याला किसन, केस सगळे पांढरे झालेला. पाराशी टेकवली. मी मशीन थांबवलं. रस्ता थांबला, आणि मग तसाच थांबून राहिला. कारण 'उचला' म्हणणारा माणूसच खाली झोपलेला. पुतण्या मुंबईचा, त्याला काही माहीत नाही. जुन्या लोकांच्या चेहऱ्यांवर एक बारीक हसू येऊ लागलं होतं. चेष्टेचं नव्हतं ते. केळीवाला, आता म्हातारा, टोपी हातात धरून टक लावून बघत होता. किसन इकडेतिकडे बघत शेवटी माझ्या दाराकडे बघायला लागला.

मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. बाईने असं जायचं नसतं, पण कुणी काही म्हणालं नाही. डोक्याशी उभी राहिले. रस्त्यावर नजर फिरवली. मग वाकले. नाकात कापूस, कपाळाला बुक्का, चेहरा शांत. ते द्यायचे तितकाच वेळ मी दिला. आणि तेवढ्यात गर्दीत मागे कुठेतरी कुणी खोकलं.

सगळ्या रस्त्याने तिरडीकडे बघितलं. मीही बघितलं.

ते उठले नाहीत.

"उचला," मी म्हटलं.